बंड्या, दाभण माझ्याकडेच राहिलंय

पुणे, 4 जानेवारी

प्रिय बंड्या,

पाय कसाय? प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या म्हणे, माझ्यासाठी जागा ठेव थोडी. तू फोनवर म्हणलास की "एनएसएस कॅम्पचं सगळं सांग, ग्रुपवरचे फोटो बघून काही कळत नाही", आणि फोनवर मला ते नीट सांगता येईना, मधेच आई आली, मग राहिलंच. म्हणून बसलोय टाइप करत. मोठं होणारे, चहा घेऊन बस. आणि यातली एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नाहीये, तेव्हा वाचून झालं की फॉरवर्ड करू नको, तुझी सवय मला माहितीये.

तर जाताना एसटीनेच गेलो, पहाटे साडेपाचला निघून. चाकण, मंचर, मग नारायणगावच्या स्टँडवर गाडी थांबली चहाला, तिथे हीऽऽ गर्दी. बायका माणसं, कडेवर पोरं, सोबत गोधड्यांची गाठोडी, सगळे उकिडवे बसलेले. मला वाटलं लग्नाचं वऱ्हाड असेल. तसं मी मोठ्याने म्हणलोपण आणि दोघंतिघं हसले. हे लक्षात ठेव, पुढे परत येणारे.

मग आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, अकोले, राजूर आणि तिथून जीपने वर. गावाचं नाव लिहीत नाही, का ते कळेलच. एका बाजूला कळसूबाई, 1646 मीटर, सकाळी तिच्या डोक्यावर ढग असायचा आणि दहा वाजता पदर काढावा तसा निघून जायचा. दुसऱ्या बाजूला खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, चमकत असतं नुसतं. मुलांची सोय समाजमंदिरात, मुली शाळेच्या खोलीत. थंडी म्हणजे बंड्या, सकाळी टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला तयार नाही.

पहिल्या रात्री सरांचं भाषण झालं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, गांधीजींची जन्मशताब्दी होती, तेव्हा 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी होते, वगैरे. मग 'नॉट मी बट यू' या एनएसएसच्या ब्रीदवाक्यावर अर्धा तास. सर मनापासून बोलत होते, खोटं नाही सांगत, पण निम्मी पोरं बसल्या बसल्या घोरत होती. त्यानंतर शेकोटी. शेकोटी म्हणजे पेटवली की आम्ही डोक्याएवढी उंच, गाणी, टाळ्या, रात्री बारापर्यंत धिंगाणा. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी सर्व्हेला घरोघरी फिरताना एका घरातल्या आजीला मी फॉर्ममधला प्रश्न विचारला, "स्वयंपाकाला इंधन कोणतं?" ती म्हणाली, "लाकडं व्हती, तुमीच जाळली की." आणि खळखळून हसली. मला हसावं का काय करावं कळेना. गॅसचा सिलिंडर आहे घरात, कोपऱ्यात उभा, पण तो संपला की राजूरपासून आणायचा, म्हणून चहा-पाहुण्यापुरताच. बाकी सगळं चुलीवर. आणि ती लाकडं म्हणजे बायकांनी दिवाळीपासून डोक्यावर मोळ्या आणून रचलेली. आम्हाला "पाहुणी पोरं आलीत, गारठतील" म्हणून गावाने दिलेली. त्या रात्रीपासून शेकोटी बंद केली आम्ही, पण दोन रात्रीत जळायचं ते जळलं होतं.

त्याच आजीच्या घरात आपल्या वर्गातल्या मुलींनी विचारलं की बीजमाता राहीबाई पोपेरे इथल्याच ना, अकोले तालुक्यातल्याच, कोंभाळण्याच्या, 2020 ची पद्मश्री मिळालेल्या, तर तुम्ही पण असं देशी बियाणं ठेवता का? आजीला प्रश्नच समजला नाही. म्हणजे बियाणं ठेवतात का हा काय प्रश्न झाला. मग आत गेली आणि गाडगं आणलं, वर शेणाने लिंपलेलं, आत राख, राखेत वालाचं बी. एक बी काढून फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवलं, काळंभोर, तेल लावल्यासारखं. मग परत ठेवून दिलं, मोजून घेतल्यासारखं.

व्यसनमुक्तीचं पथनाट्य पण केलं आपलं. मी दारुड्या. लई रंगलं. फक्त प्रेक्षकांत सगळी शाळेची पोरं आणि म्हाताऱ्या. तरणी माणसं कुठायत विचारलं तर एक पोरगं म्हणालं, "नारायणगावला. टमाट्याला." भात झोडून झालं की कुलूप लावून निघतात, कुणी तिकडे, कुणी नाशिकला द्राक्षाच्या बागांना. तेव्हा माझ्या डोक्यात ते स्टँडवरचं वऱ्हाड आलं. पथनाट्यातला दारुड्या पुढचा डायलॉगच विसरला बघ.

बरं आता मुद्द्यावर येतो. आपलं मुख्य काम होतं वनराई बंधारा. तुला वाटत असेल तिथे पाण्याला काय तोटा, एवढा पाऊस पडतो. तो पडतोच, जूनपासून नुसता कोसळतो, पण खाली सगळा काळा कातळ, वर वीतभर माती आणि उतार असला की पाणी थांबायचं नावच घेत नाही, सरळ खाली. खाली विल्सन डॅम, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण, 1926 साली पुरं झालेलं, पाणी प्रवरेतून खालच्या उसाला. आणि वरच्या गावातल्या बायका मार्चनंतर हंडे घेऊन झिऱ्यावर. म्हणून डिसेंबरात ओढा अजून वाहता असताना त्यात पोती रचून पाणी अडवायचं, म्हणजे बाजूच्या विहिरीला थोडी ओल राहते, एखादं वाफाभर हरभरा-भाजी निघते. साधं काम आहे. सिमेंटची, खताची रिकामी पोती, त्यात माती भरायची, तोंड शिवायचं, रचायचं.

आम्ही काय केलं, स्पर्धा लावली. चार गट, कोण जास्त पोती भरतं. मी आमच्या गटाचा लीडर, त्यामुळे बघायलाच नको. पोती अशी ठासून भरली की शिवताना तोंड मिटेना. एक बाबा होते तिथे, सत्तरीचे असतील, धोतर, कानाला मफलर, काठावर बसून बघत होते. ते दोनदा म्हणाले, "पोरांनो, आसं गच्च भरू नका, पोटाला जागा ठेवा." मी म्हणलं, "बाबा, टेन्शन नका घेऊ, मजबूत होतंय." आवाज आठवला की आत्ता पण कान गरम होतात. संध्याकाळपर्यंत तीन थर झाले, घोषणा झाल्या, फोटो झाले. तू ग्रुपवर पाहिलास ना, मी फावडं खांद्यावर घेऊन उभा, तो तेव्हाचाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात गडबड झाली (नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, तीनतीन वेळा घेतली होती, दोष माझाच), टमरेल घेऊन ओढ्याकडे गेलो. अजून नीट उजाडलं नव्हतं. तर बंधाऱ्यावर बॅटरीचा उजेड. बघतो तर बाबा, ती लाकडंवाली आजी, ती बाबांचीच बायको निघाली, आणि अजून दोघी. आमची पोती एकेक उचलून बाहेर काढलेली. शिवण उसवायची, तिसरा हिस्सा माती काढायची, परत शिवायची, परत ठेवायची. त्या पाण्यात, त्या थंडीत, गुडघाभर.

मी तसाच उभा. बाबांनी बघितलं, रागावले वगैरे काही नाही. म्हणाले, "ये. बस हितं." आणि दाखवलं. ठासून भरलेलं पोतं लाडवासारखं गोल होतं, दोन लाडू शेजारी ठेवले की मधे फट राहणारच, तिथून पाणी निघतं. रात्रभर निघतच होतं, खाली पाट वाहत होता चांगला. पोतं थोडं रिकामं असलं की ते उशीसारखं बसतं, पायाने दाबलं की शेजारच्याला चिकटतं. आणि वरच्या थरातलं पोतं खालच्या दोघांच्या सांध्यावर आलं पाहिजे, विटांसारखं, आम्ही सरळ डोक्यावर डोकं ठेवलेलं. मधे चिकणमाती पायाने तुडवून भरायची, ती तर आम्ही टाकलीच नव्हती. मग त्यांनी माझ्या हातात दाभण दिलं. लाकडी मूठ, वापरून वापरून काळी गुळगुळीत झालेली, टोकाशी नेढं. दाभण पोत्यात खुपसायचं, सुतळी नेढ्यात ओवायची, ओढून घ्यायची, एक टाका झाला. माझा एक टाका होईस्तो आजीचं अख्खं पोतं शिवून व्हायचं. बोटं एवढी बधिर झालेली की दोनदा टोचलं ते रक्त आल्यावर कळलं.

मी विचारलं, बाबा काल सरळ ओरडून का नाही सांगितलं? तर म्हणे, "हौशीनं आलेत पोरं. मन मोडतं. तुज्या मास्तराला बी सांगू नको." आणि मग आजी म्हणाली, दरसाल येतंय कुणी ना कुणी, दरसाल आम्ही मागनं जरा नीट करून घेतो. जरा नीट करून घेतो! असं म्हणाली की जसं पोराने घातलेली अंथरुणाची घडी आई परत घालते.

आठ वाजता सगळी गँग आली तेव्हा बंधारा भरत आला होता, पाणी आरशासारखं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आपलीच कमाल समजून. बाबा काठावर बसले होते, कालच्यासारखेच, मफलर बांधून. त्यांनी पण टाळ्या वाजवल्या. मी काही बोललो नाही. भीतीने नाही बोललो की शब्द दिला म्हणून, मला खरंच सांगता येत नाही, दोन्ही असेल. फक्त त्या दिवशी आमच्या गटाला पोती अर्धीच भरायला लावली आणि सगळे माझ्यावर वैतागले, लीडर झोपलाय म्हणून.

बाकी समारोप वगैरे नेहमीचं. पाहुण्यांनी आमचं भरभरून कौतुक केलं, युवाशक्ती, ग्रामविकास, सगळं झालं. बेस्ट व्हॉलंटियर मलाच मिळालं, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर सांगतो, ट्रॉफी कपाटात मागे ठेवलीये. कॉलेजच्या अंकात बंधाऱ्याचा फोटो छापणारेत आणि खालच्या दोन ओळी मीच लिहून द्यायच्यात, तीन दिवस झाले, एक ओळ झालेली नाही.

आणि काल सॅक धुवायला काढली तर खालच्या कप्प्यात दाभण. बाबांचं. त्या सकाळी गडबडीत खिशात टाकलं असणार मी. त्यांनी नंतर शोधलं असेल की नाही, विचारलं तर नाही एका शब्दाने. राजूरच्या बाजारात दुसरं मिळेल, नाही असं नाही, पण तसली मूठ नाही मिळायची.

तर प्लास्टर 20 तारखेला निघतंय ना? त्यानंतरचा रविवार मोकळा ठेव. साडेपाचची एसटी, नारायणगावला चहा. ओढ्यात तोवर पाणी असेल असं बाबा म्हणाले होते. तुला चालायला लागणार नाही फार, जीप थेट वर जाते. आणि येताना घरातली रिकामी पोती असतील तर गोळा करून ठेव, आमच्या बिल्डिंगमधून मी सतरा जमवलीत.

तुझाच,
(बेस्ट व्हॉलंटियर) पक्या

ता.क. आईला सांग चकल्या पोचल्या, डबा रविवारी देतो.