चौऱ्याहत्तर व्होल्ट

परभणी
रविवार, रात्री

प्रिय बंडू,

आठ महिन्यांनी लिहायलोय, रागावू नको. फोन केला असता, पण तू मधेच "मी म्हणलं नव्हतं का?" म्हणला असतास अन् माझं पुढचं राहून गेलं असतं. आईचा गुडघा तसाच आहे. माझी शुगर आटोक्यात.

तायडीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चुंबकाच्या जोरावर खिळा फेकायचं यंत्र करायला घेतलंय. पेनाच्या नळीवर वीस गेज तारेचे चारशे वेढे मीच भरून दिले. कॉइलचा रेझिस्टन्स ०.८ ओहम. फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट. समोर कापूस भरलेलं खोकं, खिळा त्यात पडतो. बॅटरी दबते ते धरून २५ अँपिअर जातात. काही मिलिसेकंदांत हा करंट चालू-बंद करायचा कशानं, इथंच सगळं अडलं.

तुझा लाडका २एन३०५५ ट्रान्झिस्टर तिनं आधीच बाद केला. झेपणार १५ अँपिअर, अन् चालू ठेवायला बेसच्या पायाला वेगळा करंट पाजायचा. तुझा तो ट्रान्झिस्टरचा डबा ऐकत असेल तर त्याला सांग, हे मत पोरीचं आहे. एससीआर हा दुसरा स्विच, पण एकदा पेटला की गेटवरून, म्हणजे चालू करायच्या पायावरून, विझवता येत नाही. आयजीबीटी मोठ्या व्होल्टेजला चांगला, इथं चोवीसातले दोनेक व्होल्ट तोच खाणार. राहिला मॉसफेट, गेटला नुसते व्होल्ट दिले की उघडणारा ट्रान्झिस्टर. आधी आयआरएफझेड४४एन आणला, ५५ व्होल्ट, ४९ अँपिअर. स्विच चालवायला लावलेल्या आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडला अन् नुसता तापला. तायडीनंच डेटाशीट काढून दाखवलं, त्यातला उघडल्यावरच्या रेझिस्टन्सचा १७.५ मिलिओहमचा आकडा गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. मग ५ व्होल्टवर उघडणारा आयआरएलझेड४४एन लावला. खिळा उडाला! पोरगी नाचली. पण बराचसा जोर नळीतच मरायचा. स्विच बंद झाल्यावरही कॉइलचा करंट तिला आडव्या जोडलेल्या डायोडमधून फिरत राहतो, अन् मध्य ओलांडलेल्या खिळ्याला कॉइल मागं ओढते.

तिथं मी मधे पडलो. डायोडच्या सिरीजमध्ये २ ओहमचा रेझिस्टर टाक म्हणलं, करंट लवकर मरेल. ते खरंच आहे, मरतो. पण चाचणीला टक् असा आवाज झाला, ट्रान्झिस्टरच्या काळ्या अंगाची कपची उडून तिच्या वहीवर पडली. अन् मी तिच्या दोन मैत्रिणींसमोर बोलून गेलो, "तुझं सोल्डरिंगच कच्चं आहे."

ती काही बोलली नाही. रात्री अकराला पाहिलं तर मच्छर अगरबत्ती लावून बसलेली, एकेक टाका काढून पुन्हा मारायली. चांगले गोल, चकचकीत टाके होते रे.

मी खाली दुकानात येऊन बिलाच्या मागं आकडे मांडले. पंचवीस अँपिअर गुणिले दोन ओहम, पन्नास व्होल्ट. वर बॅटरीचे चोवीस. चौऱ्याहत्तर. त्या ट्रान्झिस्टरला झेपणार पंचावन्न. तिचा एकही टाका चुकला नव्हता, चूक माझ्या रेझिस्टरची होती.

अन् बंडू, स्टार्टरच्या त्या भांडणात तू हेच म्हणला होतास, "अँपिअर काय बघतोस, बंद होताना किती व्होल्ट उसळतात ते बघ." त्यावर मी अख्खा पावसाळा तुझ्याशी बोललो नाही. तू बरोबर होतास. हे मी तुला कधीच म्हणलो नाही, आज म्हणतो.

आता आयआरएफ५४०एन घ्यायचं ठरवलंय. १०० व्होल्ट, ३३ अँपिअर. त्याचे ४४ मिलिओहम म्हणजे २५ अँपिअरला व्होल्टभर घसारा, तो मला चालतो. पण यालाही गेटवर १० ते १२ व्होल्ट लागतात, म्हणून मधे गेटला तेवढे व्होल्ट देणारा टीसी४४२० ड्रायव्हर, अन् त्याला खालच्या एकाच बॅटरीचे १२. चोवीस थेट गेटवर गेले तर संपलं, त्याची हद्द २० आहे. ड्रायव्हरच्या इनपुटपासून ग्राउंडला १० किलोओहम टाकणार, म्हणजे आर्डुइनो सुरू होताना पिन मोकळी असली तरी खिळा आपोआप सुटणार नाही.

सकाळी तिला ते बिल दाखवलं, चूक माझी होती म्हणलं. तिनं गणित नीट वाचलं अन् एवढंच विचारलं, "मग पप्पा, न मोजताच काल तसं काऊन म्हणलात?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून बोर्ड मला दाखवत नाही. बोलते, जेवायला वाढते, पण सर्किटचं काही विचारलं की "बघते" म्हणते. दुकानात माझ्या हातात मोटारीचं वाइंडिंग तपासायचा ग्रोलर असतो अन् डोक्यात तेवढंच फिरतं.

वहिनींच्या नोकरीचं कळलं, फार बरं झालं. धाकट्याचा दात आला का?

एक काम कर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून चार आयआरएफ५४०एन अन् दोन टीसी४४२० घे. इथं मिळालेल्या एकावरचा नंबर अंगठ्यानं पुसला गेला, त्यामुळं खात्री वाटत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलला टाक, मी सकाळी स्टँडवरून घेतो. पुडीवर नाव तायडीचं घाल, माझं नको. अन् तिचा फोन आला तर आधी टाक्यांचे फोटो मागव. ते चांगले आहेत हे तू सांगितलंस तर तिला पटेल.

तुझाच,
परभणीवाला