लंबूचे वाडगे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पाठ बरी आहे, डॉक्टरांनी कुंभाराच्या चाकावर बसायला हरकत नाही म्हटलंय. तब्येतीचं एवढंच. पत्राचं कारण लंबू. तो रुसलाय, आणि लंबू रुसला म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मदतीच्या डब्यासाठी यंदाही सगळ्यांनी वाडगे करायचे ठरले. रीत तीच: येणाऱ्याने वाडगा निवडायचा, जमतील तेवढे पैसे डब्यात टाकायचे, सगळ्यांच्या पंगतीत बसून सूप प्यायचं आणि वाडगा घरी न्यायचा. 1990 मध्ये मिशिगनमध्ये जॉन हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी याच रीतीने 'एम्प्टी बोल्स' (रिकामे वाडगे) सुरू केलं, ते मी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं. रिकामा वाडगा घरात दिसत राहिला की कुणीतरी उपाशी आहे याची आठवण राहते, हे ऐकवून ऐकवून तू सरांनासुद्धा वात आणला होतास! आमच्याकडे डब्यात टाकणारे आणि डब्यातून घेणारे एकच आहेत. ज्याची नड त्याने घ्यायचं. अर्ज नाही, चौकशी नाही. सुट्टीच्या दिवशीच्या वर्गाची फीसुद्धा डब्यातच जाते, आणि गेल्या महिन्यात औषधाला पैसे नेलेला माणूस आज शेजारी बसून नवख्याला माती मळायला शिकवतो. माझा जीव या कामात का अडकलाय ते तुला कळेल.

तर लंबूने दोन खोकी भरून वाडगे पाठवले. काय देखणे! तांबडी माती, वर ग्लेझचा काचेसारखा पारदर्शक थर, काठ इतका पातळ की ओठाला जाणवू नये. मावशी कुणाचंही भांडं आलं तरी त्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवते. सकाळी बघतो तर बहुतेक वाडग्यांखाली कागदावर ओलं वर्तुळ. एक उचलून उजेडात तिरपा धरला, तर ग्लेझभर केसाएवढ्या रेघांचं जाळं. नखाला लागत नाही, पण शाईचं बोट फिरवलं की सगळं उठून दिसतं.

कारण तू ओळखलंच असशील. निवताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं, ताणलं गेलं आणि तडकलं. त्यात कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र. ती हवेतली ओल पिऊन किंचित फुगते आणि भट्टीतून काढताना नसलेल्या रेघा काही आठवड्यांनी उमटतात. म्हणून लंबू म्हणतो, "मी दिले तेव्हा नीट होते." खरंच होते रे. त्याच्यावर माझा कणभरही आरोप नाही. पण त्या रेघांत सूप मुरणार, धुतलं तरी निघणार नाही, मग वास, मग बुरशी.

मी ते बाजूला ठेवले, तर आपलीच मंडळी म्हणाली, "मदतीचं काम आहे, एवढं काय बघायचं? चालून जातं." हे मला झोपू देत नाही. विकायचा वाडगा असता तर यांच्यातल्या एकानेही तो फळीवर ठेवला नसता. मावशी तर सगळ्यांसमोर उसळली: "मी डब्यातून पैसे घेतले, तेव्हा ते फाटक्या नोटांत दिले होते का?" कुणी काही बोललं नाही.

आता तुझा तो पराक्रम काढतोच. तडा गेलेल्या भांड्यांची अख्खी फळी तू हातोडीने फोडलीस आणि आपण महिनाभर बोललो नाही. लंबू बिचारा मध्ये बसून दोघांच्या चहाचे पैसे देत होता, ते त्याने अजून वसूल केलेले नाहीत! फोडणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. कच्चं भांडं भिजवलं की पुन्हा माती होते, भाजलेलं होत नाही. फार तर कुटून भुगा करा आणि दुसऱ्या मातीत मिसळा. लंबूचे वाडगे मी कुटू देणार नाही. बुडाला भोक पाडून त्यात रोपं लावू, किंवा ते सुक्या वस्तूंसाठी ठेवू, आणि तसं स्पष्ट सांगून देऊ. सुपाच्या टेबलावर मात्र ते जाणार नाहीत.

त्याला वाटतं, पुन्हा जास्त आचेवर भाजले की झालं. ती माती स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भांड्यांच्या, चढ्या आचेला टिकायची नाही, फुगेल नाहीतर बसेल. पुढच्या खेपेला त्याने ग्लेझ कमी आकसावं म्हणून त्यात थोडी सिलिका, म्हणजे गारेची पूड, वाढवून चाचणीचे तुकडे भाजावेत, मी सोबत बसायला तयार आहे. पण हे मी सांगितलं की त्याला परीक्षकाचं बोलणं वाटतं. "माझी भांडी नकोत तर मीही नको," म्हणाला आणि गेला. वर्गातली मुलं विचारतात, लंबूकाका कुठे? चाकावर माती मध्यात आणायला त्याच्यासारखं कुणीच शिकवत नाही. वाडगे कमी पडले तर आम्ही रात्री बसून करू. तो कमी पडला तर काय करायचं?

तुझं नवं घर लागलं का? वहिनींची बदली झाली म्हणे, धाकटीची परीक्षा कशी गेली? सविस्तर कळव. भट्टी अजून बांधली नसशील तर तुझं अवघड आहे.

पण त्याआधी लंबूला फोन कर. तुझं तो ऐकतो, कारण तू त्याच्यापेक्षा जास्त भांडी फोडली आहेस. समजूत घालू नकोस, सरळ सांग की ग्लेझ बसलेलं नाही आणि मुलं वाट बघतायत. मग मी त्याच्या दारात जातो, सिलिकाची पिशवी घेऊनच.

तुझाच