लिस्टमधला एसएमपीएस आधी बदल

प्रिय सई,

नव्या कॉम्प्युटरच्या पार्ट्सची तुझी लिस्ट बघितली. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहीत बसले तर बोटं दुखतील म्हणून दुकानातल्या मशीनवर टाईप करून मेल करतेय, सावकाश वाच, आणि वाचल्या वाचल्या "आई तुला काय कळतंय त्यातलं" म्हणू नकोस. लग्नपत्रिका आणि बिलबुकं करून देता देता या डब्यांची आतडी मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलीत.

ही लिस्ट तू केलेली नाहीस, दुकानदाराने केलीय, हे वाचताक्षणी कळलं. आय फाईव्ह १२४००एफ प्रोसेसर, एच६१० बोर्ड (मदरबोर्ड), ८ जीबीची एकच रॅम, "४ जीबी ग्राफिक कार्ड" म्हणून जीटी ७३०, आणि काचेचं कॅबिनेट रंगीत फॅनवालं, त्याच्यासोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) फ्री. पंचेचाळीस हजारात बसवून दिलंय खरं, पण पैसे कुठे गेलेत ते बघ. जे दिसतं आणि जे मैत्रिणींना सांगता येतं तिथे गेलेत.

पहिलं म्हणजे तो एफ. इंटेलच्या नंबराच्या शेवटी एफ असला की त्या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक बंद असतं, म्हणजे वेगळं कार्ड घातल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा आणि मग नुसतं चित्र दिसावं म्हणून तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे घालून कार्ड घ्यायचं, हा कुठला हिशोब? आणि कार्ड कुठलं, तर जीटी ७३०, २०१४ सालचं. त्यावर लिहिलेलं ४ जीबी हे त्याच्या मेमरीचं माप आहे, पळण्याचं नाही. हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरच्या आतलं फुकटचं ग्राफिक त्याच्या पुढे आहे. तुला महागातलं कार्ड घ्यायचं असतं तर एफ चालला असता, तेव्हा मी काही बोलले नसते. आणि वर तू व्हिडिओ एडिटिंग करणार म्हणतेस, इंटेलमध्ये व्हिडिओ भराभर उघडायला आणि एक्स्पोर्ट करायला जे क्विक सिंक असतं ते त्या आतल्या ग्राफिकमध्येच असतं, एफ घेतलास की तेही गेलं.

आता माझं मत सांगते. तुझं काम काय, तर एमसीएचं प्रोजेक्ट, अँड्रॉइड स्टुडिओ, जरासं एडिटिंग, आणि रात्री ओंकारसोबत ऑनलाईन गेम (मला माहितीय, अभ्यास अभ्यास म्हणून सांगू नकोस). एवढ्याला एएमडीचा रायझन ५ ५६००जी घे. सहा कोर, बारा थ्रेड, आत व्हेगा ग्राफिक आहे, ६५ वॅटचा आहे, बॉक्समध्ये कूलर येतो म्हणजे तो वेगळा घ्यायला नको. जुना आहे, २०२१ चा, आणि दुकानदार नाक मुरडेल की मॅडम हे जुनं झालं, एएम५ घ्या. एएम५ म्हणजे एएमडीचं नवं सॉकेट, चांगलंच आहे, पण त्याला फक्त डीडीआर५ रॅम लागते आणि तिथेच सगळं अडतंय.

रॅमचं काय झालंय ते तुला कळलं असेलच. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास भाव जे चढायला लागले ते चढतच गेले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना माल द्यायचाय, तिथे पैसा आहे, तुझ्यामाझ्यासारख्या रॅमची एक काडी घेणाऱ्या गिऱ्हाइकात नाही. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सरळ जाहीर केलं की क्रुशियल नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकायचा धंदा बंद करतोय. डीडीआर४ पण महागलीय, ती तर कंपन्या हळूहळू बंदच करतायत. तर अशा वेळी आपल्याकडे काय आहे? दुकानातलं मागचं मशीन बंद पडलंय त्यात ८ जीबीची डीडीआर४ ची काडी आहे, २६६६ च्या स्पीडची. ती तुला देते. म्हणजे तू डीडीआर४ चाच बोर्ड घ्यायचा आणि अजून एकच ८ ची काडी विकत आणायची. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही, त्यामुळे बोर्ड घेताना डब्यावर नीट वाच, इंटेलच्या एच६१० मध्ये तर दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात आणि नाव जवळजवळ तेच असतं.

दोन काड्याच का, एकच १६ ची का नाही, तर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन काड्या असल्या की रॅमकडे जायला दोन रस्ते मिळतात. एका काडीवर ५६००जी चालवला तर गेम अडखळणार आणि मग तूच म्हणशील की आईने भंगार सांगितलं. नवीन काडी ३२०० ची मिळाली तरी दोन्ही २६६६ वर चालतील, थोडं कमी पळेल, चालतंय. बोर्डला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात घाल, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

बोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम. बी४५० स्वस्तात मिळेल पण तो जुन्या स्टॉकचा असेल तर ५६००जी ओळखणार नाही, आधी बायोस (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं आणि त्यासाठी बऱ्याचदा जुना प्रोसेसर लागतो, म्हणून डब्यावर रायझन ५००० चालतो असा स्टिकर आहे का बघ किंवा दुकानदाराला चालू करून दाखवायला सांग. ए५२० पण तुझ्या कामाला चालेल, ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणं) तू करणार नाहीयेस.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) घे, ५०० जीबी. ५६००जी ला जेन ३ (तिसऱ्या पिढी) पर्यंतच स्पीड मिळतो, त्यामुळे जेन ४ च्या नावाखाली जास्त पैसे मागितले तर देऊ नकोस, बसेल पण जेन ३ सारखीच चालेल. फोटो आणि व्हिडिओला माझ्याकडची जुनी १ टीबीची हार्ड डिस्क लाव, पण विंडोज तिच्यावर टाकू नकोस, चहा करून येशील तरी चालू झालेलं नसेल.

आता मुख्य. एसएमपीएस.

तो फ्रीवाला परत कर, किंवा नुसतं कॅबिनेट किती म्हणून विचार. मोठ्या अक्षरात ५०० वॅट छापलेलं असतं ते वाचूच नकोस, बाजूला जो तक्ता चिकटवलेला असतो त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघ आणि त्याला १२ ने गुण. कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. फुकटातल्यावर १६ अँपिअर वगैरे सापडेल, म्हणजे १९२ वॅट, झाला तुझा ५०० वॅट. नीट कंपनीच्या ४५० वॅटच्यावर तिथे ३५ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४२० वॅट. खरं सांगायचं तर कार्ड नसलेलं तुझं मशीन शे-दीडशे वॅटच्या वर फारसं जाणारच नाही, म्हणून तो फुकटवाला पहिले काही महिने गपगुमान चालतो आणि सगळे म्हणतात की काय झालं, चालतंय की. वॅटचा प्रश्न नाहीच आहे तो. लाईट जाते-येते तेव्हा, व्होल्टेज उसळतं तेव्हा, आत शॉर्ट होतं तेव्हा स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवायचं, हे चांगल्या एसएमपीएसचं काम असतं, आणि स्वस्तातल्यात तेच भाग गाळलेले असतात. आपल्या गल्लीतल्या एका क्लासवाल्यांचा तसला एसएमपीएस गेला तो जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला, विद्यार्थ्यांच्या टेस्ट सिरीजसकट. एसएमपीएस नवा आणता आला, डेटा आणता आला नाही.

तर ४५० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ लिहिलेला घे. ब्राँझ म्हणजे वीज किती वाया घालवतो त्याचं सर्टिफिकेट, टिकेल किती याचं नाही, त्यामुळे सोबत वॉरंटी बघ, पाच वर्षं देणाऱ्या कंपन्या आहेत. हातात धरून पण बघ, फुकटवाला डबा रिकामा वाटतो. पुढे नोकरी लागली आणि खरं कार्ड घ्यावंसं वाटलं तर हाच चालेल. कार्ड, जास्तीची रॅम, मोठी एसएसडी हे सगळं नंतर पाच मिनिटांत लावता येतं, म्हणून त्यात आत्ता कंजूषी केलीस तरी माझी हरकत नाही. एसएमपीएस आणि बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशीन उघडून पुन्हा जोडायचं.

युपीएस ६०० व्हीएचा पुरे, तो साधारण ३६० वॅटचा असतो, सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो, रात्रभर गेम खेळायला नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे धरून चाल.

आणि अर्थिंग, सई, हे कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. तुझ्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, मागे वायरच जोडलेली नसते कित्येकदा. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या आल्या तर समज की अर्थिंग नाही, एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून येतं ते, आणि मशीन खराब आहे म्हणून दुकानात घेऊन पळू नकोस, घरमालकांना सांगून इलेक्ट्रिशियन बोलव. टू-पिनचं अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवायचं नाही, कळलं का.

कॅबिनेट कुठलंही घे, फक्त पुढे जाळी असलेलं, काच नको. पुढून हवा आत गेली पाहिजे. रंगीत लाईट मी दिवाळीत आणून देते.

विंडोज ११ टाकावं लागेल, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यावरून आठवलं, तुझ्या मामाने फोन केला होता की एकजण "आय सेव्हन" चौदा हजारात देतोय, पुढे कशाला जाता. तो आय सेव्हन ३७७० आहे, २०१२ चा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही आणि आत्ताचा साधा आय थ्री १२१०० त्याला केव्हाच मागे टाकतो. मामाला मी सांगते काय ते. जुनंच घ्यायचं ठरवलंस तर ऑफिसमधून निघालेली आय फाईव्ह ८५०० वाली मशीन बरी असतात, ११ चालतं, पण डेलच्या बऱ्याच मशीनमध्ये एसएमपीएसची पिनच त्यांची वेगळी असते, मग बाजारातला साधा बसत नाही, आणि आखूडशिंगी बहुदुधी म्हणून आणलेलं तसंच अडून राहतं.

मॉनिटर आत्ता घेऊ नकोस, घरचा १८.५ इंची घेऊन जा. तो व्हीजीएवाला (जुन्या प्रकारच्या केबलचा) आहे, बोर्डला मागे व्हीजीए आहे का बघ, नसेल तर एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. आणि केबल बोर्डाच्या मागेच लावायची, वेगळं कार्ड नाहीये आपल्याकडे.

खरेदीला बुधवार पेठेत जाणार असशील, पासोड्या विठोबाजवळ, तर सकाळी जा, संध्याकाळी कोणाला बोलायला वेळ नसतो. पक्कं जीएसटी बिल घे, प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घे, आणि तो डब्यावरच्या नंबराशी जुळव. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधलाच. ट्रे म्हणून सुटा देतात तो थोडा स्वस्त असतो पण तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी बॉक्सवाल्याला असते, सुट्याला दुकानदार जे बोलेल ते.

जोडायला स्वतः बसणार असशील तर बस, मला आवडेल. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, खाली पडला की वाकल्या, त्यामुळे त्रिकोणाची खूण जुळवून अलगद ठेव, दाबायचा नाही. वर डावीकडे आठ पिनची जी वेगळी वायर लागते प्रोसेसरला, ती सगळे विसरतात आणि मग फॅन फिरतो पण स्क्रीन काळी. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर मशीन थोडं चालवून गरम कर आणि कूलर जरा डावीकडे-उजवीकडे फिरवून मगच उचल, सरळ ओढलास तर प्रोसेसर मधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो.

बजेट जुळलं नाही तर एसएसडी २५० ची घे, कॅबिनेट अजून साधं घे. फोन करायच्या आधी एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो पाठव, मी बघून सांगते.

तुझी,
आई

ता. क. स्वस्तातल्या बोर्डांना वायफाय नसतं. तुझ्या खोलीपासून राउटर किती लांब आहे ते पावलांनी मोज, लॅनची वायर मी इथूनच क्रिम्प करून पाठवते.