दहा हजार भरून प्रकरण मिटत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विम्याच्या दाव्यांसाठी अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करण्यात माझी हयात गेली. आता निवृत्त आहे. तरी बडोद्याच्या दांडिया बाजारातील ओळखीचे लोक आजही पॉलिसीची कागदपत्रे घेऊन येतात. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली तर विम्याचे काय होते, याविषयी सुशिक्षित घरांतही इतके अज्ञान आढळते, की हे पत्र लिहिणे भाग पडले.

दोनेक वर्षांपूर्वी परिचयातील एक गृहस्थ अशीच फाइल घेऊन आले. त्यांचा मुलगा मित्रांसोबत दमणला गेला होता. परतताना गोल्डन चोकडीच्या अलीकडे त्याने एका स्कूटरला मागून धडक दिली. स्कूटरवाल्याच्या पायाचे हाड मोडले आणि गाडीचा पुढचा भाग रेडिएटरपर्यंत आत गेला. गाडी वडिलांच्या नावावर होती. 'भाऊ, फर्स्ट पार्टी विमा आहे, आपल्या गाडीचे नुकसानही त्यात येते, मुलाने गुन्हा कबूल करून दहा हजारांचा दंडही भरला, मग क्लेम अडतो कुठे?' असे त्यांनी विचारले. मी पॉलिसी उलटून मागच्या पानावरील बारीक अक्षरांतले वाक्य त्यांना दाखवले. चालक मादक पेयाच्या अमलाखाली असताना झालेले नुकसान कंपनी भरून देणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. त्यांनी चष्मा काढून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, 'एजंटाने हे कधी सांगितलेच नाही.' ज्या कबुलीने प्रकरण एका दिवसात मिटले असे त्यांना वाटत होते, तिचीच प्रमाणित प्रत कंपनीच्या नकारपत्राला जोडलेली होती.

कबुली दिली नसती तर दावा मंजूर झाला असता, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतील एका पोर्श गाडीच्या प्रकरणात दिलेला निकाल या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. ती गाडी डिसेंबर २००७ मध्ये इंडिया गेटजवळ आदळून जळून गेली होती. चालकाची श्वासचाचणी झाली नव्हती, रक्तही तपासलेले नव्हते. वैद्यकीय अहवालात फक्त दारूचा वास येत असल्याची नोंद होती. तरीही ही नोंद आणि अपघाताची एकूण परिस्थिती पाहता दावा नाकारणे योग्यच होते, असे न्यायालयाने ठरवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे, ती गुन्हा शाबीत करण्यासाठी. पॉलिसीच्या त्या वाक्यात आकडाच नाही.

आपल्या गुजरातेत यात आणखी एक गुंता आहे. इथे दारूबंदी असल्यामुळे मुलगा पकडला गेला, की घरच्यांचे सारे लक्ष दारूबंदीच्या गुन्ह्याकडे, जामिनाकडे आणि चार लोकांत नाचक्की कशी टळेल याकडे लागते; विम्याची आठवण गॅरेजवाल्याने खर्चाचा अंदाज हातात ठेवल्यावर होते. त्यात दारूबंदी कायद्यात रक्तातील मद्यार्काचा आकडा ०.०५ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम, असा वेगळाच असल्याने 'माझे चाळीसच आले' म्हणून निर्धास्त राहणारेही मी पाहिले आहेत. आरोग्य परमिट असलेल्यांचा समज तर याहून विनोदी असतो. परमिट पिण्याचे असते, स्टिअरिंगसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही.

गाडीचे नुकसान एक वेळ सोसता येते. खरा घाव थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने ज्याला इजा झाली त्याच्या, दाव्यात बसतो, आणि तो सावकाश बसतो. जखमी माणसाला विमा कंपनीकडून भरपाई मिळते, कारण त्याचा काही दोष नसतो. पण ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा मोटार अपघात दावे न्यायाधिकरण कंपनीला देऊ शकते. आधी कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हेच केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये नशेतील चालकाच्या एका प्रकरणात सांगितले. म्हणजे मुलाने घेतलेल्या पेल्यांचा हिशेब बापाच्या घरापर्यंत, ठेवींपर्यंत पोहोचतो. शिवाय मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आपण घेतो, तोही मालक स्वतः नशेत चालवत असल्यास मिळत नाही. अशा अपघातात कर्ता माणूस गेला तर मागच्यांच्या हाती काही उरत नाही.

आता उलट बाजू पाहावी. जो नाकाबंदीत पकडला गेला, दोषी ठरला, पण ज्याच्या हातून सुदैवाने अपघात झाला नाही, त्याच्या हप्त्यात त्या शिक्षेपोटी एका रुपयाचाही फरक पडत नाही. दावा केला नाही म्हणून त्याला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट मिळते, जी पहिल्या वर्षी वीस टक्के असते आणि वाढत वाढत पन्नासपर्यंत जाते. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात २,०९४ रुपये ठरला. तो शिस्तीने चालवणाऱ्यालाही तेवढाच आणि नशेत पकडल्या गेलेल्यालाही तेवढाच. माझ्या पुतण्याचे वास्तव्य कॅलिफोर्नियात आहे. तिथे अशी एक शिक्षा झाली की चांगल्या चालकाची सवलत दहा वर्षे बंद होते आणि विमा असल्याचे एसआर-२२ नावाचे प्रमाणपत्र कंपनीमार्फत सरकारदरबारी दाखल करावे लागते. ब्रिटनमध्ये विमा कंपनीने विचारल्यास ही शिक्षा पाच वर्षे सांगावी लागते.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नाही असे नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने वाहतूक नियमभंगाच्या गुणांवर आधारित वेगळा हप्ता सुचवला होता आणि त्याचा मसुदा जानेवारी २०२१ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्धही झाला. त्यात चुकीच्या पार्किंगला दहा गुण आणि नशेत गाडी चालवण्याला शंभर गुण होते. प्रयोग दिल्लीपासून सुरू करावा असे म्हटले होते. नुकतीच माझ्या गाडीची रिन्यूअल नोटीस आली. तिच्यात गाडीचे मॉडेल, वय, इंजिनाची क्षमता, सगळे काही आहे. चालवणारा कसा आहे, याचा रकाना नाही.

नियमभंगाच्या गुणांवरचा तो हप्ता लागू करावा, अशी माझी मागणी आहे. त्याला वेळ लागणार असेल तर निदान विमा कंपन्यांनी नशेविषयीचे ते एक वाक्य मागच्या पानावरून उचलून पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, गुजरातीत आणि आपल्या मराठीतही छापावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, फक्त शाई लागते. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना आता न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे, आणि पुढच्या तारखेला मी त्यांच्यासोबत जाणार आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर, दांडिया बाजार, बडोदे