नववीचे गट शिक्षकांनीच पाडावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की नववीत प्रकल्पाचे गट पडतात. 'तुमचे तुम्ही गट करा' असं सांगून शिक्षक मोकळे होतात. सामाजिक विज्ञान शिकवताना त्याचा परिणाम मी अनेकदा पाहिला. एका व्हॅनमधून येणारी मुलं एका गटात, जुन्या शहरातल्या पोळांतली, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांतली, दुसऱ्या गटात. एका वर्षी वडिलांच्या लष्करातल्या बदलीमुळे मणिपूरची मुलगी वर्गात आली. सगळे तिला 'चिनी' म्हणत. चेष्टेत म्हणे! गटात मात्र कुणी घेईना. शेवटी अक्षर सुरेख म्हणून तक्ता रंगवायला एका गटानं घेतलं. सादरीकरणाला ती तक्त्याचं एक टोक धरून उभी. बोलायला एक ओळही नाही.

अमेरिकेत 1954 साली सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण टेक्सासमधल्या ऑस्टिनला 1971 मध्ये मुलं खरोखर एका वर्गात आली तेव्हा हाणामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं वर्गात बसून पाहिलं, तर बाई प्रश्न विचारताच पाच-सहा हात वर, बाकीचे खाली मान घालून. त्यानं मिश्र गट केले आणि धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. उरलेला धडा सोबत्यांकडूनच कळणार. एक मेक्सिकन वंशाचा मुलगा अडखळत बोलायचा, मुलं त्याला हसायची. पण त्याच्याकडचा भाग परीक्षेला येणार म्हटल्यावर तीच मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली. उपदेशापेक्षा मार्कांची गरज कामाला आली, हे मला फार पटतं.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, याचा आपण अभिमान सांगतो. सांगावाच. पण शाळेत प्रवेश मिळणं वेगळं आणि गटात जागा मिळणं वेगळं.

ऑस्टिनसारखे मिश्र गट करून धडा वाटून द्यायला पैसा लागत नाही. गट पाडताना शिक्षकांनी हजेरीपटाबरोबर पत्तेही पाहावेत. एका सोसायटीतली दोन मुलं शक्यतो एका गटात नकोत. हुशार मुलांचं नुकसान होईल, असं पालक म्हणतील. तसं व्हायचं कारण नाही. गटाला सामाईक मार्क द्यायचेच नाहीत. परीक्षा ज्याची त्यानं द्यायची, पण पूर्ण धड्यावर. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या शिक्षक-प्रशिक्षणात यासाठी एक तास ठेवावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा