द्वारकेवरच्या त्या दोघांचे आभार

सिन्नरहून टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डाला निघालो होतो. नाशिकच्या द्वारका चौकात आमची जुनी पेट्रोल पिकअप बंद पडली. चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी खुंटी) ओढला तरच चालू राही, सोडला की बंद. तुम्ही दोघं रिक्षा बाजूला लावून धावलात. मी प्लग खोलायला बसलो होतो. तुम्ही म्हणालात, ‘दादा, थांबा. चोकवर चालते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी हवा ओढतेय.’ पंपाची नळी बाटलीत सोडून पाहिली, पेट्रोल व्यवस्थित येत होतं. मग हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून दाखवलात. झिजून इतका ढिला झालेला, की तिथूनच हवा ओढली जात होती; नुसते जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, साफ करून भागणार नव्हतं.

क्रेट दुसऱ्या टेम्पोत चढवून दिलेत, वर दुपारी नवा कार्बोरेटर बसवायलाही आलात. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडण्याआधी मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) तोंडात कापडाचा बोळा कोंबलात, कचरा आत पडू नये म्हणून. दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढी काळजी! इंजिन तापल्यावर कान लावून स्क्रू फिरवत आयडलिंग लावलंत.

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. माल लिलावाला वेळेत पोचला. दादांनो, सिन्नरकडे आलात तर घरी जेवायला या, आई वाट बघतेय.