शनिवारच्या शर्यतीला जातो, गाडी चालवत नाही

विन्स्टन-सेलम, नॉर्थ कॅरोलिना
रविवार

ती. आप्पा व आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. तो हेल्मेटवाला फोटो पाहिल्यापासून आईचं जेवणात लक्ष नाही, असं रूपाली म्हणाली. फोनवर अर्धवट बोलणं होतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतोय. आई, मी शर्यतीची गाडी चालवत नाही आणि चालवणारही नाही. हेल्मेट ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं, शर्यतीत तो उतरतो. त्याच्या गॅरेजमध्ये त्याच्या पोराने ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि फोटो काढला. हात काळे होते ते टायरमुळे. मी फक्त टेप धरून उभा होतो.

टेप कशाला, ते आप्पांना सांगतो. शर्यत लंबगोल रिंगणात असते आणि गाड्या सगळा वेळ डावीकडेच वळतात. म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेराने थोडा मोठा लावतात, म्हणजे गाडी आपोआप डावीकडे ओढ घेते. टायरभोवती स्टीलची टेप गुंडाळायची, घेर मोजायचा, खडूने टायरवरच आकडा लिहायचा, हवा जराशी कमी-जास्त करायची, पुन्हा मोजायचं. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं. दिवसभर नोकरी करून हा माणूस हे करतो. मेव्हणा नट आवळतो, बायको खर्चाची वही ठेवते. मला फार आवडतात ती माणसं.

इथलं मैदान म्हणजे बोमन ग्रे स्टेडियम. मध्ये अमेरिकन फुटबॉलचं मैदान आणि त्याच्या कडेने पाव मैलाचा, म्हणजे साधारण चारशे मीटरचा, सपाट डांबरी ट्रॅक. नासकार ही मोटार शर्यतींची संस्था १९४८ मध्ये निघाली आणि १९४९ पासून तिच्या शर्यती इथे होतात. एप्रिल ते ऑगस्ट, शनिवारी रात्री. रिचर्ड पेटी हा त्यांचा फार मोठा ड्रायव्हर, त्याने आपली शंभरावी शर्यत १९६९ मध्ये इथेच जिंकली. पुढे मोठ्या टीमचा मालक झालेला रिचर्ड चाइल्ड्रेस लहानपणी याच स्टेडियममध्ये शेंगदाणे विकायचा. शर्यतीआधी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात, मग राष्ट्रगीत होतं, आणि मग इंजिनं सुरू झाली की छातीत हादरे बसतात. मी कानात बोळे घालतो.

आप्पा, एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस पटत नव्हती. आपल्या बैलगाडा शर्यतीत घाटात बारी एकेका गाड्याची. जेवढ्या सेकंदांत गाडा वर गेला तेवढे सेकंद आपले, ते कुणी काढून घेत नाही. इथे समजा एक गाडी अर्धी फेरी पुढे निघून गेली आणि मागे भलत्याच दोघांची टक्कर झाली, तर लगेच पिवळा झेंडा पडतो. सगळ्यांनी वेग कमी करायचा, एकामागे एक रांग लावायची, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. रांग लागली की मागचे सगळे पुढच्याच्या शेपटीला येऊन चिकटतात. त्याने कमावलेली आघाडी गेली! मग हिरवा झेंडा, आणि पुन्हा नव्याने चढाओढ. पुढच्याने नंबर राखला तर राखला. आणि त्या झेंड्यावरून कुणी भांडत नाही, कुणी पंचाच्या अंगावर जात नाही. मी सहकाऱ्याच्या आईला विचारलं, हा अन्याय नाही का? ती म्हणाली, ट्रॅकवर बंद पडलेल्या गाडीत कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो. इथे वेगवान गाड्यांची एक फेरी पंधरा सेकंदांच्या आत होते. झेंडा पडला नाही तर मदतीला धावणाऱ्यांना रस्ता ओलांडायलाही वेळ मिळायचा नाही. तेव्हा मला पटलं.

आई, गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीला जाळी असते. धडक झाली की ड्रायव्हर आतून ती जाळी खाली टाकतो, म्हणजे लांबूनच कळतं की तो शुद्धीवर आहे, ठीक आहे. त्याची आई उठून उभी राहते, जाळी पडली की खाली बसते. (आप्पा, हे तुमच्यापुरतं: २००१ मध्ये डेल अर्नहार्ट हा नामांकित ड्रायव्हर डेटोनाच्या शर्यतीत धडकेत दगावला. त्यानंतर नासकारच्या मोठ्या शर्यतींत मान आवरून धरणारा पट्टा सक्तीचा झाला. आमचा माणूसही तो लावतो.)

मी वर पायऱ्यांवर बसतो, कठड्यापासून लांब. घरून पोळीभाजी नेतो, बाहेरचं खात नाही. शनिवारी संध्याकाळी खोली खायला उठते, तिथे निदान चार माणसांत बसतो. रात्री बारापर्यंत घरी येतो आणि गाडी मीच चालवतो, हळू.

आता घरचं. आप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, ते रूपालीने एकटीने केलं. त्याबद्दल फोनवर मला बोलता आलं नाही. थेंब वेळेवर घाला. तिच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख अजून मिळालेली नाही, आणि आलो तर परत येताना अडकायची भीती आहे. तरी मी खटपट करतोय, नाही असं अजून समजू नका. कार्यालयाचा अॅडव्हान्स आणि सोनाराचं मिळून दीड लाख पाठवतोय. सोसायटीचा हप्ता त्यातून भरू नका, तो मी वेगळा टाकीन. नारायणगावच्या स्थळाचं रूपालीचं झाल्यावर बघू. मुलीकडच्यांना ताटकळत ठेवू नका, स्पष्ट सांगा की मुलाला वर्षभर वेळ लागेल. त्यांना राग आला तर माझं नाव सांगा. पैसे मंगळवारपर्यंत जमा होतील, पासबुकावर नोंद करून घ्या आणि रूपालीला फोन करायला सांगा.

तुमचा,
संदीप